आईच्या गर्भाशयाच्या कॅन्सरचा रिपोर्ट: ग्रेड ३, पण स्टेज १ए की २सी? समजून घ्यायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईचा ऑपरेशननंतरचा रिपोर्ट येऊन पाच दिवस झाले. त्यातला एकच आकडा घरात सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे: ग्रेड ३. मावशीने तो वाचला आणि आईसमोरच रडायला लागली, "तिसऱ्या स्टेजला गेलंय गं." तेव्हापासून आई धड जेवत नाही. डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची आहे. त्याआधी मला हे नीट कळायला हवं, म्हणून लिहितेय. थोडं लांब होईल.

आई ६२ वर्षांची, राहतो मिरजेजवळ. पाळी जाऊन अकरा वर्षं झाली. दिवाळीच्या सुमारास तिला डाग पडायला लागले. तिने ते अंगावर काढलं. उष्णतेचं असेल म्हणून सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी चालू होतं. मग जवळच्या दवाखान्यात दाखवलं, तिथे रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या, त्यात दोन महिने गेले. सोनोग्राफी करा असं कुणी म्हणालं नाही. याचा राग मला अजून येतो, पण तो आत्ता बाजूला ठेवते. शेवटी मी तिला शहरात नेलं. सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या अस्तराची जाडी १४ मिमी निघाली. मॅडम म्हणाल्या, पाळी गेलेल्या बाईला रक्त जात असेल आणि जाडी ४ मिमीच्या वर असेल तर तुकडा तपासायलाच हवा. क्युरेटिंग झालं. त्याचा रिपोर्ट होता: एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा, ग्रेड २.

मग ऑपरेशन झालं. पिशवी, दोन्ही नळ्या, दोन्ही अंडाशय आणि चार लसिकाग्रंथी काढल्या. आताच्या रिपोर्टमधलं जसंच्या तसं लिहिते:

एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा, फिगो ग्रेड ३. पिशवीच्या स्नायूत निम्म्यापेक्षा कमी शिरकाव (१६ मिमीपैकी ६ मिमी). गर्भाशयमुख, नळ्या, अंडाशय मुक्त. रक्तवाहिन्या-लसिकावाहिन्यांत शिरकाव आढळला नाही. लसिकाग्रंथी ०/४. फिगो २००९: १ए. फिगो २०२३: २सी. पी५३, एमएमआर आणि पोल तपासणीचा सल्ला.

आता माझे प्रश्न. आधी ग्रेड २ होता, तो महिन्याभरात ३ कसा झाला? म्हणजे त्या महिन्यात वाढला का, आमच्याकडून उशीर झाला का? एकाच गाठीला १ए आणि २सी अशा दोन स्टेज कशा? यातली खरी कुठली? आणि शेवटच्या ओळीतल्या तपासण्यांना लॅब वेगळे पैसे सांगतेय. ऑपरेशनला बराच खर्च झालाय, काका म्हणतात गाठ काढली ना, आता कशाला. त्या कराव्यात का?

अजून एक. हा कॅन्सर लठ्ठपणा आणि साखरेमुळे होतो असं सगळीकडे वाचलं. आई सडसडीत आहे, साखर नाही, तीन बाळंतपणं झालेली. माझ्या सख्ख्या मामाला मात्र पंचेचाळिशीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. याचा काही संबंध असू शकतो का?

प्रतिसाद १

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रोज अशाच स्लाइड बघते. उपचार तुमचे डॉक्टर ठरवतील, पण रिपोर्टमधले शब्द उलगडून सांगू शकते.

पहिल्यांदा मावशींना सांगा: ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचला. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात. तुमच्या आईचा आजार पिशवीच्या बाहेर गेलेला दिसलेला नाही. तिसरी स्टेज असती तर लसिकाग्रंथीत, अंडाशयात किंवा पिशवीच्या बाहेरच्या आवरणावर तो सापडला असता.

ग्रेड ठरवतात कसा, तेही सांगते, म्हणजे भीती थोडी कमी होईल. निरोगी अस्तरात नळ्यांसारख्या ग्रंथी असतात. कॅन्सरच्या पेशी अजून नळ्या तयार करत असतील तर त्या मूळ स्वभाव धरून आहेत. नळ्या न करता त्या भरीव थराने वाढायला लागल्या की स्वभाव बदलला. असा भरीव भाग ५ टक्के किंवा कमी असेल तर ग्रेड १, ६ ते ५० टक्के असेल तर २, निम्म्याहून जास्त असेल तर ३. पेशींची केंद्रकं फारच विचित्र दिसली तर ग्रेड एकाने वाढवतात. १ आणि २ यांना आता एकत्रच लो ग्रेड म्हणतात. खरी रेघ आहे ती २ आणि ३ यांच्यात.

आता कळेल की ग्रेड का बदलला. क्युरेटिंगमध्ये अस्तराचे खरवडलेले चार तुकडे येतात. ऑपरेशननंतर अख्खी गाठ समोर असते. भरीव भाग त्या चार तुकड्यांत आला नसेल, इतकंच. महिन्यात काही वाढलेलं नाही. स्वतःला दोष लावून घेऊ नका.

ग्रेडच्याही आधी येतो तो प्रकार. पाचातले साधारण चार कॅन्सर एंडोमेट्रिऑइड असतात, तुमच्या आईचा त्यातला. सीरस, क्लिअर सेल, कार्सिनोसार्कोमा हे वेगळे प्रकार. त्यांना १-२-३ असा ग्रेड देतच नाहीत, ते मुळातच हाय ग्रेड धरतात. तुम्ही वाचलेलं लठ्ठपणा-साखरेचं म्हणणं १९८३ मध्ये बोखमन यांनी केलेल्या दोन गटांच्या मांडणीतून आलं आहे: इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी आणि लठ्ठपणाशी जोडलेला पहिला, आणि त्याच्याशी फारसा संबंध नसलेला, जास्त आक्रमक दुसरा. मांडणी उपयोगी होती, पण ग्रेड ३ एंडोमेट्रिऑइड तिच्यात कधीच नीट बसला नाही. म्हणून तुमच्या आईच्या बाबतीत ती फार धरून बसू नका.

दोन स्टेजचं कोडं इथेच सुटतं. फिगो ही स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना, स्टेजची पद्धत तीच ठरवते. तिच्या २००९ च्या पद्धतीत फक्त आजाराचा पसारा बघतात. निम्म्यापेक्षा कमी स्नायू, म्हणून १ए. २०२३ च्या पद्धतीत पसाऱ्याबरोबर गाठीचा स्वभावही धरला. आक्रमक प्रकार, त्यात ग्रेड ३ एंडोमेट्रिऑइडही आला, स्नायूत थोडा जरी शिरला तरी २सी. गाठ तीच, जागा तीच. मोजपट्ट्या दोन. दोन्ही लिहिणारी लॅब काळजीने काम करतेय असं मी म्हणेन.

आणि त्या तपासण्या. काकांना माझ्याकडून सांगा की या रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. २०१३ मध्ये द कॅन्सर जीनोम अॅटलसच्या संशोधकांनी ३७३ गाठींचा जनुकीय अभ्यास छापला आणि चार गट दिसले. ग्रेड ३ एंडोमेट्रिऑइडच्या दोन गाठी माझ्या डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात, पण त्या चारांपैकी कुठल्याही गटातल्या निघू शकतात. पोल जनुकात ठराविक बदल सापडला तर ग्रेड ३ असूनही पुढचं आयुष्य बहुधा फार चांगलं जातं. २०२३ च्या पद्धतीत मग २सी ची स्टेज १ए होते, आणि डॉक्टर कित्येकदा किरणोपचारही टाळतात. पी५३ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन, ते बिघडलेलं निघालं तर उलट, किरणोपचाराबरोबर केमोचा विचार होतो. तिसरा गट एमएमआरचा, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं बिघडलेल्यांचा, चौथा यातलं काहीच न सापडणाऱ्यांचा. पी५३ आणि एमएमआर हे ब्लॉकच्या (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) पातळ कापांवर रंग देऊन कळतं. पोलला जनुक वाचावं लागतं, म्हणून खर्च जास्त. पैशांची ओढ असेल तर आधी पी५३ आणि एमएमआर करा आणि पोलचं डॉक्टरांशी बोला, पण तुमच्या आईच्या बाबतीत ते सोडून देऊ नका.

मामांचं लिहिलंत हे फार बरं झालं. एमएमआरची चार प्रथिनं असतात. त्यातलं एखादं नाहीसं असेल आणि घराण्यात आतड्याचा कॅन्सर असेल तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे असे कॅन्सर घराण्यातून येण्याचा, विचार करावाच लागतो. गुरुवारी डॉक्टरांना मामांचं वय आणि आजार आठवणीने सांगा.

प्रतिसाद २

माझ्या सासूबाईंना चार वर्षांपूर्वी सीरस प्रकार निघाला होता. पहिल्या लॅबने एंडोमेट्रिऑइड ग्रेड ३ लिहिलं होतं. आम्ही स्लाइड आणि ब्लॉक घेऊन परळला टाटा मेमोरियलमध्ये पुन्हा तपासून घेतले, तिथे प्रकारच बदलला आणि उपचारही. दर वेळी असं होईल असं नाही, पण ग्रेड ३ असेल तर दुसऱ्या डोळ्यांखालून घालून घ्याच. लॅबकडून ब्लॉक मागायला लाजू नका, तो पेशंटचा असतो. नेताना डबीत नीट बांधून न्या, उन्हात गाडीत ठेवू नका, मेण असतं ते. आणि आईंना रोज थोडं तरी खायला लावा, पुढच्या उपचारांना अंगात ताकद लागते.

धागाकर्ती

तुम्हा दोघींचे आभार कसे मानू कळत नाही. काल रात्री आईजवळ बसून कागदावर पिशवीचं चित्र काढलं आणि गाठ कुठपर्यंत होती ते दाखवलं. म्हटलं, हा तीनचा आकडा पेशींच्या दिसण्याचा आहे, पसरण्याचा नाही. तिने तीनदा विचारलं, "नक्की ना?" सकाळी तिने आपणहून भाकरी मागितली.

काकांना प्रतिसाद वाचून दाखवला. पी५३ आणि एमएमआरचे पैसे ते भरताहेत. ब्लॉक उद्या मिळेल. मामीला फोन केला, मामाच्या ऑपरेशनच्या वेळी त्याचं वय ४३ होतं. ती जुनी फाइल शोधतेय.

दोन शंका राहिल्या. या सगळ्यात महिना गेला तर किरणोपचाराला उशीर होईल का? आणि लिंच निघालं तर ते फक्त आम्हा बहिणींनाच बघावं लागेल का, की दादालाही?

प्रतिसाद १

जखम भरायला वेळ द्यावाच लागतो, साधारण सहा ते आठ आठवडे. बारा आठवड्यांच्या पुढे मात्र जाऊ देऊ नका, म्हणून ऑपरेशनची तारीख धरून डॉक्टरांकडून दिवस ठरवून घ्या.

दादालाही. आईकडून प्रत्येक मुलाकडे यायची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. पण आधी आईची तपासणी. एमएमआरच्या चार प्रथिनांपैकी एमएलएच१ आणि पीएमएस२ ही जोडी गेलेली दिसली तर लगेच घाबरू नका, ते बहुतेकदा आनुवंशिक नसतं, त्याला मिथायलेशनची (जनुक रासायनिक खुणेने बंद पडलंय का, याची) आणखी एक तपासणी लागते. एमएसएच२ किंवा एमएसएच६ गेलेलं दिसलं तर आईच्या रक्ताची जनुकीय तपासणी, आणि त्यात काही निघालं तरच तुम्हा भावंडांची. रिपोर्ट आला की इथे टाका, मी बघेन.