अनुभव धागा: कचेरीत दिवस भरतो, पण माणसाचं काम होतं का?

अबोली_के

भाचा गेल्या वर्षी महसूल सहायक म्हणून लागला. परवा रात्री साडेनऊला फोन केला तेव्हा नुकताच घरी आला होता. म्हणाला, "मावशी, सकाळी व्हीसी, म्हणजे वरिष्ठांची व्हिडिओ बैठक. दुपारी वरून आलेली शीट भरायची. संध्याकाळी तीच माहिती पुन्हा वेगळ्या नमुन्यात. आणि वारस नोंदीसाठी आलेली एक बाई दुपारपासून समोर बसून होती, तिला शेवटी उद्या या म्हणावं लागलं." पोराचा आवाज रडवेला झाला होता.

मला माझे बाबा आठवले. तेही महसुलातच, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. दर आठवड्याला कार्यविवरण नोंदवहीचा गोषवारा साहेबांपुढे जायचा: मागील शिल्लक, नवीन आवक, निर्गत (म्हणजे निकाली काढलेले), अखेर शिल्लक. एका सहकाऱ्याचा निर्गतीचा आकडा कायम सगळ्यात मोठा असायचा. अर्ज आला की "उचित कार्यवाहीसाठी" असं पत्र लावून मंडळ अधिकाऱ्याकडे रवाना. जावक क्रमांक पडला की अर्ज निर्गत. मंडळ अधिकारी तो तलाठ्याकडे पाठवणार, तिथेही निर्गत. तलाठी लिहिणार की विषय भूमी अभिलेखचा आहे, पुन्हा निर्गत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा हद्दीचा अर्ज असा फिरून पुन्हा बाबांच्याच टेबलावर आला. चार ठिकाणी निर्गत दाखवलेला, आणि त्या माणसाच्या हातात एक कागद नाही. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

तेव्हापासून त्यांनी स्वतःची एक शंभरपानी वही ठेवली. अर्जदाराचं नाव, गाव, आणि शेवटच्या रकान्यात "हातात काय मिळालं". तो रकाना भरेपर्यंत त्यांच्या लेखी काम संपलेलं नसायचं. ही वही कुणी मागितली नव्हती आणि कुणी कधी तपासलीही नाही.

तुम्ही टेबलाच्या आतल्या बाजूला असा की बाहेरच्या, लिहा. फक्त कुठल्या कार्यालयाचं किंवा माणसाचं नाव घेऊन तक्रार नको.

रानवाट

त्या वारस नोंदीच्या बाईंना अर्जाची पोच मिळालीय का? आधी ते बघायला सांगा भाच्याला. नोटिशीचे 15 दिवस जातातच, ते कायद्यातच आहेत. त्यात कुणी हरकत घेतली नाही तर पुढे अडायचं कारण नाही.

मास्तर_झेडपी

जुलै 2019. राज्यात 33 कोटी झाडं लावायची होती. शाळेला उद्दिष्ट आलं, रोपं आली, खड्डे पोरांनी खणले. रोपासोबत फोटो काढून टाकायचा, त्याचा दिवसातून दोनदा आढावा. फोटो गेले नाहीत तर केंद्रप्रमुखांचा फोन. पण पुढच्या एप्रिलमध्ये त्या झाडांना पाणी कोण घालतंय हे विचारायला एकही फोन आला नाही.

आमच्याकडे काही कडुनिंब आणि करंज जगले. कारण सातवीतल्या मुली मधल्या सुट्टीत हात धुतलेलं पाणी बादलीत धरून तिकडे न्यायच्या. ती झाडं आज शाळेच्या छपराच्या वर गेलीत. मला फार अभिमान आहे त्या मुलींचा. कुठल्याच अहवालात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

शुभा_पी

मास्तर 🙏 वाचून डोळ्यात पाणी आलं.

आई अंगणवाडी सेविका. 2021 ला पोषण ट्रॅकर आलं तेव्हा ॲप इंग्रजीत आणि दिलेला मोबाइल सारखा बंद पडणारा. त्या वर्षी राज्यभर सेविकांनी मोबाइल परत केले होते, आईनेही केला. लोकांना वाटलं ह्यांना काम नकोय. अहो, तेच वजन आधी रजिस्टरमध्ये, मग मोबाइलमध्ये, मग पर्यवेक्षिकेला व्हॉट्सॲपवर. आई म्हणायची, मूल तीव्र कुपोषित निघालं की त्याच्या घरी जाऊन चुलीवर काय शिजतंय ते बघायचं, आई कामावर जात असेल तर भरवतं कोण ते विचारायचं, हे माझं काम. तिने एका मुलीला ग्राम बालविकास केंद्रात रोज स्वतः कडेवर नेलं. ती मुलगी आता नववीत आहे, खो-खो खेळते.

कुकर झाला, नंतर लिहिते

वऱ्हाडी_ठेचा

मार्च एंडचं लिहा ना कोणी! आमच्या इकडे तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कचेरी म्हणजे लग्नघर. रात्रीचे दोन दोन वाजेपर्यंत लाईट चालू. निधी बीडीएसवर (सरकारची निधी वाटपाची ऑनलाइन प्रणाली) येते 31 तारखेले संध्याकाळी, मंग बिलं घेऊन ट्रेझरीत पळा. माझा भाऊ लहान ठेकेदार हाय. वर्षभर पैसा नाही, अन् शेवटच्या दिवशी "खर्च शंभर टक्के करा". गावचा रस्ता पहिल्याच पावसात उखडला, पण कागदावर शंभर टक्के खर्च झाला न बापा. कोणी विचारलं का की त्या रस्त्यानं बैलगाडी जाते की नाही?

संथ_वाहते_मुळा

ठेचा भाऊ, निधी शेवटच्या दिवशी आला की चांगला अभियंतासुद्धा काही करू शकत नाही. मे महिन्यात करायच्या कामाचं मोजमाप मार्चमध्ये लिहायला लावतात. माझे मिस्टर त्याच खात्यात आहेत, त्यांना बीपीची गोळी ह्याच महिन्यांत सुरू झाली.

वऱ्हाडी_ठेचा

वहिनी, त्यायले सांभाळा. मीठ कमी. राग कोण्या माणसावर नाही माया.

नोंद_क्रमांक

मी टेबलाच्या बाहेरचा. मुलीच्या प्रवेशासाठी नॉन-क्रीमीलेअरचं प्रमाणपत्र हवं होतं. ऑनलाइन अर्ज, सगळी कागदपत्रं जोडलेली. मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी संध्याकाळी अर्ज परत. त्रुटी: "कागदपत्रे अस्पष्ट". तीच कागदपत्रं, तेच स्कॅन पुन्हा चढवले आणि या वेळी मंजूर. म्हणजे आधी काय अस्पष्ट होतं?

नंतर एका ओळखीच्या ऑपरेटरने सांगितलं, अर्ज मुदतीत उघडा राहिला तर त्या अधिकाऱ्याच्या नावापुढे लाल दिसतं. त्रुटी काढून परत केला की लाल जातं, आणि नव्या अर्जाला नवी मुदत मिळते. डॅशबोर्ड हिरवा आणि माझी मुलगी प्रवेशाच्या पहिल्या फेरीतून बाहेर. दोन दिवस ती खोलीतून बाहेर आली नाही. आकड्यासाठी एका पोरीचं वर्ष पणाला लावणं मला आजही सहन होत नाही.

अबोली_के

@नोंद_क्रमांक, वाईट वाटलं हो. पुढे मिळाला का प्रवेश तिला?

नोंद_क्रमांक

हो, तिसऱ्या फेरीत, दुसऱ्या गावाला. वसतिगृहात आहे. रमली आता.

निवृत्त_बारनिशी

अबोलीताई, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा, असतील तर. नसतील तर त्यांच्या स्मृतीला.

मी 80 च्या दशकात लागलो, बारनिशीत, म्हणजे टपालाच्या आवक-जावक शाखेत. त्या काळात नगरला अनिलकुमार लखीना जिल्हाधिकारी होते. लखीना पॅटर्न हे नाव तेव्हा प्रत्येक कचेरीत ऐकू यायचं. आम्हाला शेजारच्या जिल्ह्यातून मुद्दाम बघायला नेलं होतं. मला आठवतं ते एवढं, की अभिलेख नीट लावलेले होते, बसायची रचना बदललेली होती आणि आलेल्या माणसाला चौकशीसाठी दहा टेबलं हिंडावी लागत नव्हती. कागद मागितला की सापडत होता. ज्याने कचेरीत नोकरी केलीय त्यालाच कळेल हे केवढं मोठं काम आहे. आमचा निम्मा दिवस कागद शोधण्यात जायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं केवढी धावपळ करतात ही माणसं.

आम्हाला शिकवलेली सहा गठ्ठे पद्धतही त्याचसाठी. भाच्याला सांगा, आजही उपयोगाची आहे. टेबलावरचे कागद सहा ठिकाणी वेगळे करायचे: कार्यवाही करायची प्रकरणं, उत्तराची वाट बघत असलेली, नियतकालिक अहवालांची, स्थायी आदेशांची, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. यातला दुसरा गठ्ठा खरा घातक. पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, आणि आपण निवांत. तो गठ्ठा दर सोमवारी उघडायचा आणि ज्याच्याकडे अडलंय त्याला पत्र न लिहिता फोन करायचा. माझी अर्धी प्रकरणं फोनवर सुटली.

2017 च्या सुमारास चंद्रकांत दळवी पुण्याला विभागीय आयुक्त असताना झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही प्रकरण प्रलंबित न ठेवण्याची मोहीम झाली. तेव्हाही सुरुवात दप्तर लावण्यापासूनच होती.

तिठा

काका चांगलं सांगताय पण माणसं आहेत कुठे? माझ्याकडे तीन टेबलांचा कार्यभार आहे. दोन पदं रिक्त, त्यात निवडणुकीचं काम. लोक म्हणतात पाच दिवसांचा आठवडा केला, मजा आहे. 2020 पासून वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली हे कुणी बघत नाही, आणि शनिवारी मी बहुतेक वेळा कचेरीतच असतो. "निरंक" अहवालसुद्धा रोज पाठवावा लागतो. घडलं काहीच नाही, हे रोज लिहून कळवायचं! तोच अर्धा तास मला खिडकीवर उभ्या माणसाला देता आला असता. मला ते काम आवडतं हो, मनापासून. लोक दाखला घेऊन हसत जातात तेव्हा दिवस चांगला जातो.

शुभा_पी

@तिठा तुमच्यासारखे असतात म्हणूनच चालतंय. जेवण वेळेवर करत जा.

सिंगापूरकर

एक चांगला अनुभव देतो. आई पुण्यात, निवृत्तिवेतनधारक, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही. पूर्वी दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी तिला खुर्चीवर बसवून बँकेत न्यायचो, मी नसलो की शेजारी न्यायचे. आता मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण होतं. भाचीने घरीच केलं, चहा होईपर्यंत संपलं. ज्या कुणी हे डोकं लावलं त्याने किती म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचवले.

संथ_वाहते_मुळा

माझ्या सासूबाईंचा चेहरा घेतच नाही ते ॲप. उजेड कमी पडतो का?

सिंगापूरकर

खिडकीसमोर बसवा, चष्मा काढा, पापण्यांची उघडझाप करायला सांगा एकदा. आईचं तसंच झालं.

रानवाट

थोडं कामाचं. राज्यात 2005 चा कायदा आहे, बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा. त्यात कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं आहे. पण अबोलीताईंनी लिहिलेला तो शेतकऱ्याचा अर्ज बघा. प्रत्येकाने 7 दिवसांच्या आत पुढे ढकलला तर कुणीच दोषी नाही!

म्हणून लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथे मुदत सेवा मिळण्याची आहे. अधिसूचित सेवा वेळेत मिळाली नाही किंवा नाकारली तर 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं थेट सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. @नोंद_क्रमांक, विनाकारण काढलेल्या त्रुटीवरही अपील करा, प्रवेश झाला असला तरी. त्याशिवाय ही सवय मोडणार नाही.

नोंद_क्रमांक

इतके दिवस झाल्यावर चालेल? मे महिन्यातलं आहे.

रानवाट

30 दिवस उलटले तरी सबळ कारण दिलं तर 90 दिवसांपर्यंत घेता येतं. तुमची तारीख मोजून बघा. पहिल्यांदा अर्ज परत आला त्या स्क्रीनची प्रत आहे का?

नोंद_क्रमांक

मुलीच्या फोनमध्ये असेल. रविवारी घरी येतेय ती.

अबोली_के

@निवृत्त_बारनिशी काका, बाबा आहेत, 84 वर्षांचे. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. विचारतायत तुम्ही कुठल्या तालुक्याला होता.

निवृत्त_बारनिशी

पहिली नेमणूक आष्टीला. त्यांना विचारा, बीडचे असतील तर एखाद वेळेस ओळख निघेल.

मास्तर_झेडपी

काका, आष्टी माझं आजोळ! कुठल्या गल्लीत राहायचात?