घरगुती पाककृतींचे संकेतस्थळ: माणसांनुसार प्रमाण कसे बदलावे?

प्रश्न: हौस म्हणून मी घरच्या पाककृतींचे छोटे संकेतस्थळ तयार करत आहे. चार माणसांचे प्रमाण वाचकाला सहा माणसांसाठी बदलून घेता यावे, अशी सोय मला हवी आहे. मात्र प्रत्येक पाककृती सलग मजकूर म्हणून लिहिलेली असल्यामुळे त्यातले आकडे वेगळे कसे काढावेत, हे उमगत नाही.

उत्तर १: मजकुरात आकडे शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक घटकाचे नाव, प्रमाण आणि एकक या तीन गोष्टी स्वतंत्र साठवाव्यात. गुणाकार सोपा असतो, खरी अडचण उत्तर दाखवताना येते. माझ्या पानावर एकदा ‘०.३७५ चमचा मीठ’ असे झळकले आणि घरच्यांनी ते मोजण्यासाठी चमचा माझ्याच हाती दिला. तेव्हापासून मी पाव, अर्धा, पाऊण असे जवळचे अपूर्णांकच दाखवतो. शिजवण्याचा वेळ मात्र त्याच पटीत वाढत नाही, म्हणून त्याला या गणितातून वगळावे.

उत्तर २: अशा रचनेचा आणखी एक लाभ आहे. २०११ साली सुरू झालेल्या स्कीमा डॉट ऑर्ग या शब्दसंग्रहात (पानावरची माहिती कशाची आहे हे यंत्रांना सांगणाऱ्या ठरावीक नावांच्या यादीत) ‘रेसिपी’ हा स्वतंत्र प्रकार असून, त्यानुसार माहिती जेसन-एलडी या यंत्रांना वाचता येणाऱ्या स्वरूपात पानात दिल्यास शोधयंत्रांना पाककृती ओळखता येते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पीठ लागलेल्या हातांनी फोनचा विझलेला स्क्रीन पुन्हा सुरू करावा लागू नये, यासाठी काही उपाय आहे का?

उत्तर १: ‘स्क्रीन वेक लॉक’ (स्क्रीन विझू न देणारी ब्राउझरची सोय) वापरावा. तो एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) असलेल्या पानावरच चालतो आणि वाचक दुसऱ्या टॅबवर गेला की सुटतो, त्यामुळे परत आल्यावर तो नव्याने मागावा लागतो.