दहावीत आहे, प्रोग्रॅमिंग गांभीर्याने शिकायचे आहे. सुरुवात कशी करावी?

लालबागची विद्यार्थिनी:
सर्वांना नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला आहे. गणित आवडते आणि प्रोग्रॅमिंग मनापासून शिकावे अशी इच्छा आहे. घरी दादाचा जुना, चार जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. जवळच्या एका क्लासमध्ये तीन महिन्यांत पायथन, जावा आणि एआय शिकवून प्रमाणपत्र देतात, पण फी ऐकून बाबा विचारात पडले आहेत. क्लासशिवाय शिकता येईल का, आधी कोणती भाषा घ्यावी आणि माझे इंग्रजी बेताचे असल्यामुळे किती अडेल, हे कृपया सांगावे.

अंधेरीकर (सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी):
बाबांना सांग की ही फी सध्या भरू नये. तीन महिन्यांत तीन विषयांची तोंडओळख होते, प्रोग्रॅमिंग येत नाही, आणि दहावीतल्या मुलीचे प्रमाणपत्र पुढे कोणीही विचारत नाही. तुझा लॅपटॉप पुरेसा आहे. पायथन त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून मोफत उतरवून घे. विंडोजवर त्याच्यासोबतच आयडल नावाचा, प्रोग्रॅम लिहिण्याचा साधा एडिटर येतो आणि पहिले काही महिने दुसरे काहीही लागत नाही.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे अनेक धडे मराठी निवेदनासह मोफत उपलब्ध आहेत, ते जरूर पाहा. मात्र धडा नुसता पाहून पुढे जाऊ नकोस. त्यातला प्रोग्रॅम स्वतः टाइप कर, मग त्यातली एखादी ओळ मुद्दाम बदल आणि चालवण्यापूर्वी काय उत्तर येईल ते वहीत लिहून ठेव. अंदाज चुकला की थांबून कारण शोधायचे. खरे शिक्षण तिथेच होते, आणि व्हिडिओमागून व्हिडिओ पाहणारी मुले नेमके तेच गाळतात. व्हेरिएबल (माहिती साठवणारे नाव), अट, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणे), लिस्ट (यादी) आणि फंक्शन (एका कामासाठीचा नाव दिलेला कोडचा तुकडा) एवढे हाताशी आले की स्वतःच्या उपयोगाचे काहीतरी लिहायला घे. तुझे स्टेशन करी रोड असेल, तर तिथे थांबणाऱ्या लोकलच्या वेळा लिस्टमध्ये भरून ‘आत्तानंतरची पुढची गाडी कोणती’ हे सांगणारा प्रोग्रॅम लिहून पाहा.

इंग्रजीची धास्ती नको. एरर (चुकीची सूचना) आली की तिची शेवटची ओळ आधी वाचायची, मग वर ओळ क्रमांक पाहायचा. त्याच त्या पंधरा-वीस शब्दांशी गाठ पडत राहते आणि ते आपोआप अंगवळणी पडतात. एआयला थेट उत्तर मात्र विचारू नकोस. स्वतः झगडून झाल्यावर ‘माझे कुठे चुकते आहे’ एवढेच विचार.

निवृत्त शिक्षक, मुलुंड:
वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, फक्त गणिताकडे दुर्लक्ष होऊ नये असे वाटते. गणित आवडणाऱ्या मुलीने झोनल इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडच्या, म्हणजे शालेय विद्यार्थ्यांच्या संगणकशास्त्र स्पर्धेतल्या पहिल्या फेरीच्या, जुन्या प्रश्नपत्रिका अवश्य सोडवाव्यात. त्या परीक्षेत प्रोग्रॅम लिहावा लागत नाही; रीत शोधून उत्तर काढायचे असते, त्यामुळे लॅपटॉप समोर नसतानाही तयारी होते. हीच वाट पुढे राष्ट्रीय फेरीकडे आणि १९८९पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडकडे जाते, जिथे प्रत्येक देशाचे चार विद्यार्थी उतरतात. निवड होवो न होवो, ते प्रश्न सोडवताना विचाराला जी शिस्त लागते ती कोणत्याही भाषेत उपयोगी पडते. अकरावीत सी++ ही भाषा घ्यावी, म्हणजे संगणकाची मेमरी कशी वापरली जाते हेही कळेल; आज मात्र पायथनच बरी.

लालबागची विद्यार्थिनी:
काका, सर, मनःपूर्वक आभार. बाबांनी क्लासचा विचार सोडला. गाडीचा प्रोग्रॅम लिहिला आहे, पण एके ठिकाणी अडले. वेळा मी अवतरणचिन्हांत लिहिल्या आणि लिस्ट क्रमाने लावली, तर ‘१०:०४’ची गाडी ‘९:५८’च्या आधी येते. एरर काहीच दिसत नाही. असे का व्हावे?

अंधेरीकर:
छान अडलीस! एरर न देता चुकीचे उत्तर देणारा प्रोग्रॅम हीच या कामातली खरी कसोटी. अवतरणचिन्हांत लिहिलेली वेळ पायथनसाठी संख्या नसून मजकूर असतो, आणि मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते. ‘१’ हे अक्षर ‘९’च्या आधीचे, म्हणून निकाल तिथेच लागतो, पुढचे कोणी पाहतच नाही. ‘०९:५८’ असे शून्य लावलेस तर क्रम सुधारेल, पण गाडीला किती मिनिटे उरली हे त्यातून सरळ वजाबाकीने काढता येणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत बदल: तासांना ६०ने गुणून त्यात मिनिटे मिळव. ९:५८ म्हणजे ५९८ आणि १०:०४ म्हणजे ६०४, म्हणजे क्रमही बरोबर आणि फरक सहा मिनिटांचा. हे रूपांतर करणारे वेगळे फंक्शन लिही आणि आधी त्याचीच चाचणी घे.

त्यानंतर रात्री ११:५०ची, म्हणजे २३:५०ची, वेळ देऊन पाहा. तुझ्या हिशेबाने ती १४३० मिनिटे होते आणि रात्री साडेबारानंतरच्या गाडीची वेळ मध्यरात्रीपासून मोजल्यामुळे अवघी तीस-चाळीस भरते, त्यामुळे प्रोग्रॅमला पुढची गाडी सापडणारच नाही. त्यावरचा उपाय तूच शोध आणि तुझा कोड इथे टाक, आम्ही वाचू.