चिनी माती की पोर्सेलिन? आणि ‘पात्र’ चालेल का?

माझी भाची पोर्सेलिनची भांडी करते, त्यावर कोबाल्टनं निळ्या वेली काढते. कोल्हापुरात शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन आहे. पाटीसाठी मी लिहून दिलं : ‘भट्टीत पकवलेली चिनी मातीची नक्षीदार पात्रे’. ती म्हणते, “मामा, चिनी माती म्हटलं की लोकांना लोणच्याची बरणी दिसते.” काय लिहावं?

– भाचीचं बरोबर आहे. दादरा बांधलेली ती बरणी बहुधा स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारखी टणक भाजलेल्या मातीची. जाड, टवका उडाला की आत मळकट रंग. पोर्सेलिन म्हणजे केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार हे खनिज आणि गारगोटीची पूड, १३०० अंशांच्या आसपास भाजलेली. पातळ कप उजेडात धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. गंमत अशी की केओलिन हे नावच चीनमधल्या गाओलिंगवरून आलंय. ‘चिनी’वर खरा हक्क पोर्सेलिनचा, पण बरणीनं तो आधीच बळकावला!
पोर्सेलिनचं मूळ इटालियन ‘पोर्चेल्लाना’, म्हणजे कवडी. जोगतिणीच्या गळ्यातली माळ आठवा, तीच चकाकी.

– ‘पकवलेली’ तेवढं काढा हो, ते हिंदी झालं. आमच्या कुंभार गल्लीत मडकं भाजत्यात. शाडूचा गणपती नुसता वाळवायचा, मडक्याला मात्र आवा लावायचा, म्हंजे मडकी रचून जाळ घालायचा. तुमच्या भाचीची विजेची असंल, तिला भट्टी म्हणा.

– ‘पात्रे’ नको, नाटकाची जाहिरात वाटेल. ‘भांडी’ म्हटलं तर घासायची आठवतात, तरी तेच बरं. ‘नक्षीदार’नं मला तांब्यावरचं ठोककाम दिसतं. कुंचल्यानं काढलंय ना? मग ‘चितारलेली’. ज्या गावानं चित्रकार बाबूराव मेस्त्रींचं आडनाव पेंटर करून टाकलं, तिथं हा शब्द अडायचा नाही.

– ‘चितारलेली’ भाचीला फार आवडलं. कोबाल्ट ऑक्साइड काळं असतं म्हणे, ती काळ्याच वेली काढते; वर झिलई चढवून भाजलं की त्या निळ्या होतात. पाटी दिली : ‘चितारलेली पोर्सेलिनची भांडी’. रंगवणाऱ्यानं ‘पोर्सेलीन’ लिहून आणलंय, दीर्घ. परत पाठवू का?

– नको. गरीब, वकील, मशीन तसंच पोर्सेलीन. इथं आपण सगळेच ऱ्हस्व लिहीत बसलो होतो.