व्यापारातला ‘अडथळा’ की ‘बांध’?

खाडीकाठ : मोझांबिकच्या काजूवरचा एक लेख मराठीत आणते आहे. १९९०च्या दशकात जागतिक बँकेने कर्ज देताना अट घातली, की कच्च्या काजूबीवरचा निर्यातकर उतरवा. तो २० टक्क्यांवरून १४वर आला, बी जहाजात भरून भारतात येऊ लागली, मोझांबिकमधले कारखाने बंद पडले आणि हजारो कामगारांचं काम गेलं. मूळ लेखात या कराला ‘ट्रेड बॅरियर’ म्हटलंय. मी ‘व्यापारातला अडथळा’ लिहिलं, संपादकांनी ‘व्यापारनिर्बंध’ केलं. पण कर भरला की माल नेता येतोच, मग निर्बंध कसला? शिवाय त्या कर्जाला लेखात ‘एड’ म्हटलंय, त्याला सरळ ‘मदत’ लिहू का?

बोंडू : ताई, निर्बंध म्हणजे मनाई, कोटा, परवाना. कराला तो शब्द लागत नाही. पण ‘अडथळा’ म्हटलं की निकाल लागूनच गेला, कारण अडथळा दूरच करायचा असतो. वेंगुर्ल्याच्या कारखान्यांकडे बघा. २०१९ साली अखंड काजूगराला किलोमागे ७२० आणि तुकड्याला ६८० रुपये किमान आयात किंमत ठरली. त्याहून स्वस्त गर आत येऊ द्यायचा नाही. कच्च्या बीवरचं आयातशुल्क मात्र २०१८ला ५वरून अडीच टक्क्यांवर आणलं. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो. वाफवणं, फोडणं, सुकवणं, साल काढणं, प्रतवारी ही सगळी मजुरी त्या एका किलोत असते. तयार गर आला तर ती मजुरी परदेशात राहते. मोझांबिकमधून बी गेली, तशी मजुरीही गेली.

रेवसबंदर : मग ‘बांध’ म्हणा. खारबंदिस्तीला, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाला, उघाडी असते, झडपेचं दार. ओहोटीला आतलं गोडं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप मिटते. झडपेत ओंडका अडकला तर खारं पाणी शेतात शिरतं, भात जातंच, जमीनही खारावते. ‘व्यापारबांध’ कोकणात कुणालाही कळेल.

शब्दकांडप : कोकणाबाहेर कुणाला कळणार? आणि ‘बांध’मध्येही निकाल आहेच, फक्त उलट बाजूचा. १ मे २०१४पासून युरोपीय संघाने फळमाशीचं कारण देऊन हापूससकट भारतीय आंबा बंद केला. देवगडच्या बागायतदाराने त्याला बांध म्हणायचं? पुढे बंदी उठली, पण आता तिकडे फळ पाठवायचं तर ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवावं लागतं. पाणी निवलं तर आतली अळी जगते, जास्त तापलं तर फळ भाजतं. शुल्क एक पैशाचं नाही, तरी अडवणूक आहे. याला ‘शुल्केतर अडथळा’ हाच शब्द.

बोंडू : ‘शुल्केतर’ वाचताना जीभ अडखळते. ‘बिगरशुल्क’ बरा.

शब्दकांडप : अर्धा फारसी, अर्धा संस्कृत?

रेवसबंदर : ‘जकात’ अरबी आहे, ‘लिलाव’ पोर्तुगीज. ज्या हापूससाठी भांडताय तोही पोर्तुगीज आफोन्सोवरून आलेला. बाजाराने सोवळं कधी पाळलं?

माडाखाली : ‘मदत’ नको. फेडायचं ते कर्ज. फार तर ‘सवलतीचं कर्ज’. फुकट दिलेलं ते ‘अनुदान’. अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली आलेला गहूसुद्धा मुख्यतः रुपयांत विकत घेतलेला होता, तरी आपल्याकडे सगळे त्याला मदतच म्हणत आले. आणि जकातघरासाठी आपला जुना शब्द आहेच : मांडवी. जुन्या कोरीव लेखांत ‘मण्डपिका’ म्हणजे जकात गोळा करण्याची जागा. मुंबईची मांडवी त्यातलीच.

शब्दकांडप : आणि गोव्याची मांडवी नदी? नदीला जकातघराचं नाव कसं पडेल?

माडाखाली : काठावर नाका असला तर का पडू नये? माल त्याच वाटेने यायचा.

खाडीकाठ : ‘कर्ज’ घेतलं. पण ‘बॅरियर’चं काय करू?

रेवसबंदर : रत्नागिरीची मांडवीही यातलीच का?