सिंगापूरहून ४ रात्रींची क्रूझ: मेंबरशिप, सामान आणि बिलाचे नियम

फोंडेकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरात सिंगापूर–पेनांग (मलेशिया)–फुकेत (थायलंड)–सिंगापूर अशी ४ रात्रींची रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीची सफर ठरतेय. माणसं पाच: आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. केबिन दोन. एजंट म्हणतो, आधी त्यांची मेंबरशिप घ्या, पॉइंट जमतात, सवलती मिळतात. एवढ्या छोट्या सफरीत खरंच काही पदरात पडतं का? मुरगाव–मुंबई कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीने केलेल्या रात्री त्यात धरतात का? आईला सकाळी देवापुढे उदबत्ती लागते आणि सहा वाजता स्वतःच्या हातचा चहा लागतो. इलेक्ट्रिक किटली नेता येईल? आणि जहाजावरचं बिल नेमकं कशाकशाने फुगतं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

तारवटी_वास्को
फोंडेकरबाब, मेंबरशिप फुकट आहे, म्हणून घ्यायची. पण तिच्या भरवशावर जहाज निवडू नका.

रॉयल कॅरिबियनच्या योजनेचं नाव क्राउन अँड अँकर सोसायटी. एका रात्रीला एक पॉइंट, सुइट म्हणजे मोठी महागडी केबिन घेतली तर दोन. पॉइंटांवर मेंबराचा दर्जा ठरतो: ३ पॉइंटांवर गोल्ड, ३० वर प्लॅटिनम, ५५ वर एमराल्ड, ८० वर डायमंड, १७५ वर डायमंड प्लस आणि ७०० वर पिनॅकल. तुमच्या सफरीचे चार पॉइंट होतील, म्हणजे परतल्यावर गोल्ड. त्यात हाताला लागेल असं फारसं काही नाही. खरा फरक डायमंडपासून पडतो, कारण तिथे रोज चार पेयं फुकट मिळतात. पण चार-चार रात्रींच्या हिशेबाने त्यासाठी वीस सफरी लागतात! केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसालाही पूर्ण पॉइंट मिळतात आणि मुलांना आईवडिलांचा दर्जा लागू होतो, तेव्हा मुलीचाही नंबर आत्ताच काढून ठेवा.

कॉर्डेलियाच्या रात्री धरत नाहीत. त्यांचं 'एम्प्रेस' पूर्वी रॉयल कॅरिबियनचंच होतं, त्यामुळे हा गैरसमज पुष्कळांचा होतो. पॉइंट कंपनी देते, जहाज कुठलं याला अर्थ नाही. एमएससी ही क्रूझ कंपनी मात्र दुसऱ्या क्रूझ कंपनीचा किंवा हॉटेल साखळीचा दर्जा दाखवला तर आपल्याकडे तोडीचा दर्जा देते. पुढेमागे दुबईहून त्यांची सफर करणार असाल तर बुकिंगच्या आधी ते करून घ्या. आणि कोणत्याही योजनेत पाच-दहा वर्षांचा बेत आखू नका. कार्निव्हल या क्रूझ कंपनीने रात्री मोजायची पद्धत मोडून २०२६ पासून खर्चावर आधारित योजना जाहीर केली, तेव्हा जुन्या मेंबरांचं गणित एका घोषणेत बदललं.

पॉइंट बुडतात ते नावामुळे. आपल्याकडे 'प्रभुदेसाई' एका कागदावर एक शब्द, दुसऱ्यावर दोन, आणि पासपोर्टात पोर्तुगीज वळणाने देसाईत एक 'एस' जास्त. गावकर, नाईक, शेणवी, सगळ्यांची हीच कथा. शिवाय पासपोर्टावर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं, ते एजंट एकदा टाकतो, एकदा गाळतो. कंपनीच्या संगणकाला ही दोन वेगळी माणसं. मग एकाच माणसाचे दोन मेंबर नंबर होतात आणि पॉइंट भलत्याच खात्यात जाऊन बसतात. म्हणून पहिल्या बुकिंगलाच पासपोर्टवर जसं छापलंय तसंच नाव, जन्मतारीख आणि तुमचा स्वतःचा ईमेल टाकायला लावा. एजंट स्वतःचा ईमेल घालतात, तो चालवून घेऊ नका. चेक-इनची आठवण, बदललेली वेळ, सगळं त्यावरच येतं. कन्फर्मेशन हाती आलं की मेंबर नंबर त्यावर छापलाय का ते बघायचं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गोव्याचे पुष्कळ तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, या जहाजांवर आहेत, तुमच्या ओळखीचंही कोणी भेटेल. त्याला केबिनमध्ये चहाला बोलावू नका. प्रवाशाच्या केबिनमध्ये कामाशिवाय पाय ठेवला तर त्याची नोकरी जाते.

मरीन_इलेक्ट्रिक
किटली नाही. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, राइस कुकर, मेणबत्ती, उदबत्ती, कापूर, यातलं काहीच नाही. बॅग एक्स-रेमधून जाते, वस्तू काढून घेतात आणि ती बॅग केबिनपर्यंत न येता सिक्युरिटीकडे अडकते. उदबत्तीचं म्हणाल तर केबिनच्या छतावरच धूर ओळखणारं यंत्र असतं. ते वाजलं की आग विझवणारे लोक दारात हजर. आईंना छोटा फोटो आणि बॅटरीवरचा दिवा द्या. चहासाठी बुफेत गरम पाणी मिळतं. पाकीटबंद चहा-मसाला, बिस्किटं, सुका खाऊ चालतो. घरी केलेल्या पोळ्या, भाजी, मासे नकोत.

एक्स्टेन्शन बोर्डही घरीच ठेवा. रॉयल कॅरिबियनने २०२४ च्या सप्टेंबरपासून सगळेच बंद केले. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. घरी विजेच्या दोन वायरी, फेज आणि न्यूट्रल, असतात आणि न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. जहाजावर बहुतेक ठिकाणी पुरवठ्याची कोणतीच बाजू पोलादी सांगाड्याला जोडत नाहीत, कारण एखादी वायर सांगाड्याला टेकली म्हणून सुकाणूचा पंप बंद पडून चालणार नाही. साहजिकच सॉकेटच्या दोन्ही भोकांत सांगाड्याच्या हिशेबाने विजेचा दाब (व्होल्टेज) असतो. आपल्या स्पाइकबस्टरमध्ये, म्हणजे विजेच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डमध्ये, वायर आणि अर्थिंग यांच्यामध्ये एक बिस्किटासारखी गोल चकती असते. जादा दाब आला की तो अर्थिंगमध्ये सोडणं हे तिचं काम. जहाजात कुठेतरी एक वायर सांगाड्याला टेकली की उरलेल्या वायरींचा सांगाड्याशी दाब वाढतो आणि तो उतरत नाही. ती चकती क्षणभराच्या झटक्यासाठी केलेली असते. ती तापत राहते आणि प्लास्टिकच्या डब्यात पेट घेते. केबिन रिकामी, माणसं जेवायला गेलेली, अशा वेळी हे होतं.

मग चार फोन कसे चार्ज करायचे? तीन-चार यूएसबी खाचांचा एकच चार्जर घ्या, त्यावर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं बघा. केबिनमध्ये साधारणपणे चपट्या दोन पिनांचे अमेरिकन ११० व्होल्टचे आणि गोल पिनांचे २२० व्होल्टचे सॉकेट असतात. आपली जाड तीन पिनांची प्लग बसत नाही, साधा अडॅप्टर लागतो. बाबांना झोपेत श्वासाचं यंत्र लागत असेल तर जहाजाकडून वायर मिळते, पण ते बुकिंगच्या वेळीच कळवावं लागतं. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग कधीकधी संध्याकाळपर्यंत येत नाही.

फोंडेकर
मनापासून आभार. स्पाइकबस्टर यादीत होता, काढला. आता पेयांचं पॅकेज (रोजच्या ठरलेल्या पैशांत हवी तेवढी पेयं) आणि बिलाचं कोणी सांगेल का? मी दारू घेतो, बायको घेत नाही.

हिशेबनीस_म्हापसा
तिथेच नियम आडवा येतो. एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. जहाजाच्या एकाच कार्डावर दोघांनी पिऊ नये म्हणून ही अट. आई-बाबा वेगळ्या केबिनमध्ये आहेत, त्यांना ती लागत नाही.

आकडा मांडून बघा. समजा भाव माणशी रोज ७० डॉलर दिसतोय. त्यावर १८ टक्के सेवा रक्कम चढते, झाले ८२.६०. दोघांचे चार दिवसांचे ६६०.८०. सुटं कॉकटेल १४ डॉलरचं धरलं तर १८ टक्क्यांसह १६.५२. म्हणजे दोघांनी रोज प्रत्येकी पाच प्यायली तर पैसे जेमतेम वसूल. त्यात एक अख्खा दिवस फुकेतला उतरणार. बायको घेत नसेल तर मला हे पॅकेज अजिबात पटत नाही. सुटी पेयं घ्या. साधं पाणी, बुफेतला चहा-कॉफी तशीही भाड्यात असते. शिवाय चढायच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची वाइनची एक बाटली आणि काही बिनदारू बाटल्या किंवा कॅन नेता येतात. त्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या.

सगळ्यात मोठी रक्कम मात्र लोक विसरतात ती बक्षिशीची. नोव्हेंबर २०२३ पासून साध्या केबिनला माणशी रोज १८.५० डॉलर असा दर लागला. पाच माणसं, चार रात्री: ३७० डॉलर. मुलीचेही धरायचे. तिकीट काढताना त्या दिवसाचा दर बघा आणि तेव्हाच भरून टाका, म्हणजे शेवटच्या दिवशी धक्का बसत नाही. जहाजावर जाऊन ही रक्कम कमी करायला सांगणारे लोक असतात. कृपा करून तसं करू नका. केबिन झाडणाऱ्यांच्या आणि ताटं उचलणाऱ्यांच्या वाट्याचे पैसे आहेत ते.

जहाजावरच्या खर्चाच्या खात्याला क्रेडिट कार्डच जोडा. डेबिट कार्डावर रोजच्या खर्चाचे पैसे आधी अडवून ठेवतात आणि सफर संपल्यावरही ते बँकेत बरेच दिवस मोकळे होत नाहीत. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. 'रुपयांत बिल करू का?' असं मशीनने विचारलं तर नाही म्हणा, तो दर वाईट असतो. फोन चढल्यापासून एअरप्लेन मोडवर. भर समुद्रात फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं रोमिंग साध्या परदेशी पॅकमध्ये बसत नाही.

पर्वरीची_मुक्ता
सगळे आत शिरल्यानंतरचं बोलताहेत, मी दारातलं सांगते. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा. विमानाने उतरलात ही पहिली एंट्री. जहाज पेनांगला गेलं की तुम्ही देशाबाहेर, आणि परतलात की दुसरी. व्हिसावर 'सिंगल' असेल तर मरीना बेच्या टर्मिनलवरच थांबवतात, पैसेही बुडतात. एजंटकडून पीडीएफ आली की पाचही जणांच्या कागदावरचा तो एक शब्द स्वतः वाचा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, जहाजातून परतताना पुन्हा. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे. मलेशिया-थायलंडचे नियम वारंवार बदलतात, त्यांच्या सरकारी साइट निघण्याच्या महिनाभर आधी एकदा आणि आठवडाभर आधी एकदा बघा. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे सहा महिने चालणारा.

घरात कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याला सिंगापूरला व्हिसा लागत नाही, पण भारतात परतताना ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) किंवा भारताचा व्हिसा हवा. तो कागद घरी विसरतात.

सिंगापुरात ई-सिगारेट, चघळायचा तंबाखू, गुटखा आणि च्युइंगगम नेऊ नका. दंड खरोखर होतो. आणि गोव्याच्या मोपा विमानतळाहून निघून त्याच दिवशी जहाज गाठायचा बेत करू नका. मधलं एक विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. आदल्या रात्री पोचा. मेट्रोचं मरीना साउथ पिअर स्टेशन टर्मिनलच्या जवळ आहे.

काणकोणकर
या धाग्यावर विचारतो, सिंगापूरच्या मित्राला काजूची फेणी न्यायची आहे. जहाजावर चालेल?

तारवटी_वास्को
जहाजावर नाही. वर सांगितलेली सवलत फक्त वाइनला आहे. फेणी सापडली की काढून घेतात, परत मिळेलच असं नाही. चढण्यापूर्वी मित्राच्या हाती द्या. विमानात चेक-इन बॅगेतून नेता येते, पण कारखान्याची सीलबंद बाटली हवी. फेणी साधारण ४२.८ टक्क्यांची असते, २४ ते ७० टक्क्यांच्या दारूला माणशी पाच लिटरची मर्यादा आहे. सिंगापूरची करमाफी मात्र फेणीसारख्या कडक दारूला एकाच लिटरची. गावच्या भट्टीतली फेणी पाण्याच्या बाटलीत भरून नेली तर विमानतळावरच ओतून टाकतील. बंदरावर उतरून घेतलेली बाटली जहाज ठेवून घेतं आणि शेवटच्या दिवशी देतं.

फोंडेकर
शेवटचं विचारतो. चढल्या चढल्या पहिलं काम काय? आणि फुकेतला वेळेत परतायचं कसं?

तारवटी_वास्को
पहिलं काम सुरक्षा कवायत. ॲपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा, सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकायचा, मग कार्डावर छापलेल्या जागी पाचही जणांनी प्रत्यक्ष जाऊन कार्ड स्कॅन करायचं. आई-बाबांना 'तुम्ही बसा, मी जाऊन येतो' असं चालत नाही. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉनकॉर्डिया इटलीच्या किनाऱ्यावर कलंडलं तेव्हा नव्याने चढलेल्यांची कवायत अजून झालेली नव्हती. ३२ माणसं गेली. त्यानंतर निघण्यापूर्वी किंवा निघताच कवायत सक्तीची झाली. दुपारीच उरकून घ्या, संध्याकाळी नाव पुकारायला लावू नका.

पेनांगला जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं, जॉर्जटाउन चालत फिरता येतं. फुकेतला मोठी जहाजं पातोंगसमोर नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. वरच्या दर्जाच्या मेंबरांना आणि सुइटवाल्यांना आधी सोडतात, तुम्हाला नंबर घ्यावा लागेल. परतीची शेवटची बोट किती वाजता, ते उतरताना दारातल्या फलकावर वाचा, ती जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते. आणि घड्याळ. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाज आपलं घड्याळ सिंगापूरचंच ठेवत असेल तर फोन किनाऱ्यावर गेल्या गेल्या आपोआप तासभर मागे जातो. फलकावर साडेचार लिहिलेलं असेल तर तुमच्या फोनवर साडेतीन वाजलेले असतील, आणि बोट तेव्हाच सुटेल. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेला लावून ठेवा.