जंतूंच्या नवीन औषधासाठी उंदीर मारणं बरोबर की चूक? बोला कोल्हापूरकर

पेठेतला_विनू
वडिलांना शुगर आहे, पायाची जखम दीड महिना झाला भरतच नाही. जखमेतल्या जंतूंवर कुठलं औषध चालतं ते बघणाऱ्या कल्चर टेस्टचा रिपोर्ट आला तर औषधांच्या नावापुढं खालपर्यंत आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही. अमिकासिन या अँटिबायोटिकपुढं तेवढा एस, म्हणजे ते चालतं, पण ते किडनीवर येतं म्हणून रोज क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघत बसलोय. भाची बी.फार्मला आहे, ती म्हणाली नवीन अँटिबायोटिक आधी उंदरावर बघावंच लागतं, त्यावरनं घरात वाद झाला, आई माळकरी आहे. माझं मत, चाचणी पाहिजेच. 1940 ला ऑक्सफर्डमधे फ्लोरी या शास्त्रज्ञानं 8 उंदरांना जीवघेणे जंतू टोचले, चौघांना पेनिसिलीन दिलं. सकाळी ते चार जिवंत, बाकीचे चारही मेलेले. आज पेनिसिलीन आहे ते त्यामुळं.

गंगावेशची_लेक
विनूदादा, बाबांना लवकर बरं वाटू दे. पण तेच पेनिसिलीन गिनीपिगला दिलं तर तो मरतो, आतड्यातले चांगले जंतूच जातात त्याचे. त्या दिवशी उंदराऐवजी गिनीपिग घेतला असता तर? आणि 2006 ला लंडनमधे एक नवीन औषध माकडांना चाललेल्या डोसच्या 500व्या भागाइतकं 6 जणांना दिलं, सगळे आयसीयूत गेले.

तालीम_बाबू
ताई, ते जंतूंचं औषध नव्हतं, इम्युनिटीवरचं होतं. जंतू उंदरात असू दे नाहीतर माणसात, जंतू तोच असतोय, म्हणून इथं प्राणी जास्त खरं सांगतो. प्रोन्टोसिल हे जंतूंवरचं जुनं औषध बघा की, डोमाक या जर्मन शास्त्रज्ञानं 1932 ला उंदरांवर बघितलं म्हणून कळलं, काचेच्या नळीत ते काहीच करत नव्हतं, शरीरात गेल्यावर फुटून त्यातनं सल्फा, म्हणजे जंतूंवर चालणारा खरा भाग, बाहेर पडायचा. आणि 1937 ला अमेरिकेत त्याच सल्फाचं सिरप प्राण्यांवर न बघताच विकलं, आत डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव, शंभरावर माणसं गेली, लई लहान पोरं होती त्यात.

गंगावेशची_लेक
मी दोन वर्षं एका लॅबच्या ॲनिमल हाऊसला होते म्हणून बोलते. आधी उंदराच्या पांढऱ्या पेशी पाडायच्या, मग मांडीत जंतू टोचायचे, औषध द्यायचं, दुसऱ्या दिवशी मारून ती मांडी वाटून जंतू मोजायचे. औषध न मिळालेल्या गटातला उंदीर कोपऱ्यात कुबड काढून बसतो, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले, हातात घेतला तर गार लागतो. हे रोज बघितलंय. सेप्सिसची, म्हणजे जंतूसंसर्गानं सगळं शरीर बिघडतं त्याची, कितीतरी औषधं उंदरात चालली आणि माणसात पडली, मग ते उंदीर कशासाठी गेले? आपल्याकडं 2023 ला नियम बदललेत, माणसाच्या पेशी वाढवलेल्या छोट्या चिपवरची चाचणीपण चालते आता. तिथं पैसा घाला ना.

तालीम_बाबू
चिपला किडनी, लिव्हर, रक्त सगळं एकदम कुठं असतंय? विनूच्या वडिलांचा प्रश्नच किडनीचा आहे.

पेठेतला_विनू
ताई, तुमचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. चाचणी हवी यावरनं मी हललो नाही. पण मरेपर्यंत ठेवायची काय गरज, कुबड काढून बसला की तिथंच थांबवता येत नाही का?

गंगावेशची_लेक
येतं. चांगल्या लॅबमधे तसा नियम असतो, तिथंच भूल देऊन संपवतात. आमच्याकडं रात्री बघायला माणूसच नसायचा, सकाळी पिंजऱ्यात मेलेलेच सापडायचे.

पेठेतला_विनू
आईला वाचून दाखवलं हे. तिनं भाचीला फोन लावायला सांगितलंय, त्यांच्या कॉलेजात रात्री कोण असतं ते विचारायला.